मिलवॉकीला शुक्रवारी जा, भूक ठेवून जा
(शिकागो भागातल्या मराठी मंडळाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

सुट्टीत कुठे जावं यावर बोला, असं कार्यकारिणीने सांगितलं आणि माझं गाव लगेच ठरलं. इथे बसलेल्या बहुतेकांचं यलोस्टोन झालं आहे. भारतातून आई-बाबा आले की नायगरा ठरलेलाच. पण शिकागोच्या युनियन स्टेशनवरून अ‍ॅमट्रॅकच्या हायवाथा गाडीने दीड तासात येणाऱ्या, शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीत मुक्काम कोणी केला, असं विचारलं तर हात थोडेच वर येतील. डोअर काउंटीला जाताना हायवेवरून ते शहर दिसतं, कोणीतरी तळ्याकाठचं आर्ट म्युझियम दाखवतं आणि आपण पुढे जातो.

मला ते शहर मनापासून आवडतं आणि ते खात-पीत फिरण्यासारखं आहे. तिथलं खाणं त्याच्या दिवशी आणि त्याच्या जागी खावं, म्हणजे शहर आपोआप उलगडत जातं. यादी करून एकेका दुकानावर खुणा करत फिरण्यात ती मजा नाही.

म्हणून पहिली गोष्ट, शुक्रवारी जा. मिलवॉकीत शुक्रवारी संध्याकाळी फिश फ्राय असतो. हॉटेलात, गल्लीतल्या टॅव्हर्नमध्ये म्हणजे छोट्या बारमध्ये, चर्चच्या तळघरात, बिअरच्या कारखान्यात, जिथे चूल आहे तिथे त्या संध्याकाळी मासा तळला जातो. जर्मन आणि पोलिश कॅथलिक लोकांचं हे शहर. शुक्रवारी मांस वर्ज्य, मासा चालतो. शेजारी लेक मिशिगन, त्यातला पर्च नावाचा लहान मासा मुबलक आणि स्वस्त. त्यात 1920 साली दारूबंदी आली. टॅव्हर्नवाल्यांना बिअर विकता येईना, तेव्हा गिऱ्हाईक टिकवायला त्यांनी शुक्रवारचा मासा पुढे केला. 1933 मध्ये बंदी उठली, मासा राहिला. 1966 साली अमेरिकन बिशपांनी वर्षभराच्या शुक्रवारांचं बंधन सैल केलं, तरीही मासा राहिला. आपल्याकडे ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणतात ना, त्याची सख्खी बहीण मला तिथे भेटली. उपवासाचा दिवस अख्ख्या गावाच्या जेवणाचा दिवस झाला, आणि ज्यांचा उपवास नाही, ज्यांचा तो धर्मही नाही, तेही त्या रांगेत उभे असतात.

ताट कसं येतं ते सांगते. बिअर घालून भिजवलेल्या पातळ पिठाचं आवरण असलेला कॉड किंवा पर्च. पर्चचे तुकडे लहान, बोटभर रुंदीचे, आवरण इतकं पातळ की आतला पांढरा मासा जाणवतो. सोबत कोलस्लॉ, राय ब्रेडची चकती, लिंबाची फोड, टार्टर सॉस. बटाट्याचे काय, असं वाढणारी विचारते, तेव्हा फ्राइज मागू नका, पोटॅटो पॅनकेक मागा. किसलेला बटाटा, कांदा, अंडं, थोडं पीठ, कडा तांबूस होईपर्यंत तव्यावर भाजलेले, आणि त्यावर सफरचंदाचा सॉस. खारट-तिखटावर गोड सफरचंद कसं लागेल, अशी शंका येईल. एक घास घ्या, शंका जाईल.

मात्र त्या ताटातला पर्च हल्ली बहुधा दुसऱ्या पाण्यातला असतो. लेक मिशिगनमधला पर्च इतका घटला की 1996 मध्ये विस्कॉन्सिनने तिथली त्याची व्यावसायिक मासेमारी बंद केली. ज्या तळ्यामुळे ही रीत पडली, त्याच तळ्याच्या काठी बसून आपण बाहेरून आलेला मासा खातो. मला याचं वाईट वाटतं, आणि ते तिथल्या जुन्या लोकांनाही वाटतं. मासा पुढ्यात आला की ते आधी पूर्वीच्या पर्चची गोष्ट काढतात.

फिश फ्रायला कुठे जावं? पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी लेकफ्रंट ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, सांगते. 1987 मध्ये क्लिश बंधूंनी सुरू केलेली ही ब्रुअरी आता नदीकाठच्या जुन्या वीजघरात आहे. शुक्रवारी तिथे पोल्का वाजतो आणि आजी-आजोबा लांब टेबलांच्या मधून नाचतात. बेसबॉलच्या जुन्या काउंटी स्टेडियममधलं, तिथल्या संघाचा मॅस्कॉट बर्नी ब्रुअर याचं लाकडी घरही तिथे आणून ठेवलं आहे, मुलांना ते दाखवा. आणि आपल्यासाठी एक खास गोष्ट, त्यांची ‘न्यू ग्रिस्ट’ नावाची बिअर ज्वारी आणि तांदळाची आहे. ग्लूटेन न चालणाऱ्यांसाठी ती केली. ज्वारी आपण भाकरीत ओळखतो, मिलवॉकीत ती ग्लासात भेटते. चव हलकी, किंचित सफरचंदासारखी.

आता बिअरचा विषय निघालाच आहे, तर थोडं थांबते, कारण यात शिकागोचाही भाग आहे. 1840 च्या दशकापासून जर्मन लोक मोठ्या संख्येने मिलवॉकीला आले आणि त्यांनी लागर बिअर आणली. लागर थंडीत मुरावी लागते. यंत्रांनी गारवा करता येत नव्हता तेव्हा हिवाळ्यात नदी-तळ्यांचा बर्फ कापून तळघरांत भरत. बेस्ट कुटुंबाची ब्रुअरी 1844 ची, तीच पुढे पॅब्स्ट झाली. फ्रेडरिक मिलरने 1855 मध्ये प्लँक रोडवरची ब्रुअरी घेतली, तिथे डोंगरात खोदलेल्या गुहा आजही पाहता येतात. गाव लहान, बिअर जास्त, म्हणून ती बाहेर विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. 1871 मध्ये शिकागो जळलं, इथल्या बऱ्याच ब्रुअऱ्या गेल्या आणि मिलवॉकीच्या बिअरला शिकागोची बाजारपेठ मिळाली. पॅब्स्टचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला. पण त्याच्या पिवळसर विटांच्या इमारती उभ्या आहेत, आणि ‘बेस्ट प्लेस’ नावाच्या जुन्या दालनात बसून एक ग्लास घेता येतो. तिथली लाकडी तुळयांची बैठक मला मोठ्या चकचकीत कारखान्याच्या सहलीपेक्षा जास्त आवडते.

ज्यांना बिअर नको त्यांनी ब्रँडी ओल्ड फॅशन्ड मागावं. बाकी अमेरिकेत हे पेय व्हिस्कीचं, विस्कॉन्सिनमध्ये ब्रँडीचं. बारवर जागा मिळाली तर टेबलावर बसू नका, कारण ते करताना बघायचं असतं. जाड बुडाच्या ग्लासात साखर, त्यावर बिटर्स या कडू अर्काचे थेंब, संत्र्याची चकती, लाल चेरी. मग लाकडी बत्त्याने हे सगळं हळूहळू चेचायचं, सालीचं तेल सुटेपर्यंत. नंतर बर्फ, ब्रँडी, आणि वरून सोडा. इथे बारमागची बाई विचारते, ‘स्वीट, सावर की प्रेस?’ स्वीट म्हणजे लिंबाचा गोड सोडा, सावर म्हणजे आंबट, प्रेस म्हणजे गोड सोडा आणि साधा सोडा निम्मानिम्मा. मी प्रेस घेते. न पिणाऱ्यांसाठी आणि मुलांसाठी स्प्रेचरची रूट बिअर आहे, तिच्यात दारू नसते आणि मध असतो. आणि पिणार असाल तर गाडी घरी ठेवा. हायवाथा स्टेशनवर सोडते आणि स्टेशनाजवळून ‘द हॉप’ नावाची ट्राम निघते.

ती ट्राम थर्ड वॉर्ड या जुन्या वस्तीतल्या पब्लिक मार्केटपाशी थांबते. हा भाग आधी आयरिश लोकांचा होता. 1892 च्या मोठ्या आगीनंतर ते पांगले आणि इटालियन आले. आज तिथे महागडे फ्लॅट आहेत, आणि इटालियन खाणं शोधायला ब्रेडी स्ट्रीटवर जावं लागतं. तिथे 1946 पासूनचं ग्लोरिओसोचं दुकान आहे. दक्षिणेला लिंकन अव्हेन्यूवर पोलिश लोकांनी बांधलेली सेंट जोसाफाट बॅसिलिका आहे. शिकागोचं पाडलेलं पोस्ट ऑफिस विकत घेऊन, त्याचे दगड आगगाडीने नेऊन त्या गरीब कामगारांनी ती उभारली आणि 1901 मध्ये पूर्ण केली. आज त्याच वस्तीच्या आसपास मेक्सिकन तोर्तिया भाजल्या जातात, ‘एल रे’ नावाची मेक्सिकन किराण्याची मोठी दुकानं आहेत, आणि शनिवारी दुपारी तिथला टाको हे माझं ठरलेलं जेवण आहे.

शाकाहारी मंडळी अस्वस्थ झाली असतील, त्यांच्यासाठी आता सांगते. चीज कर्ड्स खा. दूध फाटून चीज बनतं तेव्हा साच्यात दाबण्याआधीच्या या गुठळ्या. ताज्या असतील तर दाताखाली चूं चूं वाजतात. आतल्या प्रथिनांची जाळी अजून घट्ट आणि लवचिक असते, म्हणून तो आवाज. एक-दोन दिवसांत आवाज जातो, मग त्या तळायच्या. म्हणून पिशवी विकत घेताना ‘आजच्या आहेत का’ एवढं विचारा. तळलेल्या मागवणार असाल तर माशाच्याच तेलात तळतात का, हेही विचारा, शुक्रवारी बऱ्याच ठिकाणी एकच कढई असते. दूध फाडायला वापरलेलं रेनेट कुठलं, प्राण्याचं की दुसरं, असं चीजच्या दुकानात विचारलं तर कोणी रागावत नाही. उलट उत्साहाने डबे काढून दाखवतात.

लोण्याबद्दलही तिथले लोक गंभीर आहेत. 1895 पासून 1967 पर्यंत विस्कॉन्सिनमध्ये पिवळा रंग दिलेलं मार्जरिन, म्हणजे लोण्याऐवजी वापरायचं तेलाचं नकली लोणी, विकायला बंदी होती. लोक गाडी काढून इलिनॉयच्या हद्दीत येत आणि डिकी भरून परत नेत. अजूनही तिथल्या हॉटेलवाल्याने गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय लोण्याऐवजी मार्जरिन वाढायचं नाही, असा कायदा आहे. घरचं लोणी कढवून तूप करणाऱ्या आपल्या आज्यांना हे राज्य पटलं असतं.

शेवटी आइस्क्रीमसारखं फ्रोझन कस्टर्ड. यात अंड्याचा बलक असतो, न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. नियमाप्रमाणे निदान 1.4 टक्के बलक असला तरच त्याला कस्टर्ड म्हणता येतं. हवा कमी घोटलेली आणि आइस्क्रीमपेक्षा थोडं कमी थंड, म्हणून जिभेवर ते जड आणि मऊ उतरतं. सत्तावीस नंबरच्या रस्त्यावर लिऑन्स हे कस्टर्डचं दुकान आहे, 1942 चं. रात्री निऑनचे दिवे, आत बसायला जागा नाही, गाडीला टेकून उभं राहून खायचं. बटर पीकन घ्या. कॉप्स या दुसऱ्या दुकानात रोज वेगळा स्वाद असतो आणि महिन्याचं वेळापत्रक आधीच लागतं. तिथले लोक ते बघून संध्याकाळ ठरवतात.

हे सगळं मी आपल्या मंडळात का सांगते आहे? एके काळी या शहरात जर्मन वर्तमानपत्रं होती, जर्मन नाटकं होती, व्यायामशाळा होत्या, शाळांत जर्मन शिकवत. पहिल्या महायुद्धात जर्मन भाषेविरुद्ध रोष उसळला आणि यातलं बरंच काही थोड्या वर्षांत ओसरलं. पण उसिंगरचं सॉसेजचं दुकान 1880 पासून आजही चालू आहे. आपण इथे रविवारी मराठी शाळा चालवतो, नाटकं बसवतो, आणि ती टिकावीत म्हणून जिवाचं रान करतो. मला त्यात काडीची कसूर नको आहे. पण मिलवॉकीत फिरताना मला दिसलं की जे चर्चच्या तळघरातून आणि टॅव्हर्नच्या दारातून शेजाऱ्याच्या ताटात गेलं, ते आता त्याचंही झालं आहे आणि तोच ते सांभाळतो. फिश फ्रायच्या रांगेत पोलिश आडनावं आता शोधावी लागतात, पण रांग कमी होत नाही.

आपले कार्यक्रम आपण बंद हॉलमध्ये करतो. दिवाळीचा फराळ आपण करतो, आपणच खातो, उरलेला डब्यात भरून आपल्याच घरी नेतो. म्हणून कार्यकारिणीपुढे आज एक प्रस्ताव ठेवते. येत्या आषाढी एकादशीच्या जवळच्या शनिवारी हॉलचं दार संध्याकाळी गावासाठी उघडं ठेवू. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, कोकम सरबत. ताटाला माफक किंमत. भाषण नाही, माहितीपत्रक नाही, शेजारच्या चर्चला आणि समोरच्या अग्निशमन केंद्राला आमंत्रण द्यायचं, एवढंच. पहिल्या वर्षी वीस माणसं आली तरी चालतील.

साबुदाणा आदल्या रात्री भिजवायला आणि बटाटे उकडायला हात लागतील. बाहेरच्या टेबलावर वही ठेवली आहे, जाताना नावं लिहा. आणि ज्यांचं अक्षर चांगलं आहे त्यांनी दाण्याच्या कुटाची पाटी करायला घ्या. इथे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेली मुलं खूप असतात, ती पाटी दारातच, मोठ्या अक्षरांत हवी. दाण्याशिवायची एक कढई मी वेगळी करीन.