आमच्या समोरचे मिशिगनकर : चीनमध्ये राहणाऱ्या अमेरिकन जोडप्याची गोष्ट

(हातातला कागद कॅमेऱ्याजवळ धरून)

नमस्कार मंडळी. हा कागद बघा. नाव, पासपोर्टचा नंबर, घराचा पत्ता आणि खाली लाल गोल शिक्का. माझा नंबर आणि पत्ता पट्टी लावून झाकलाय, बाकी जसाच्या तसा आहे. चीनमध्ये भाड्याच्या घरात उतरलेल्या परदेशी माणसाला २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस चौकीत जाऊन नोंद करावी लागते. हॉटेलात उतरलात तर हॉटेलवाले करतात. घरात उतरलात तर तुमचं तुम्ही.

आमच्या समोरच्या फ्लॅटमधलं अमेरिकन जोडपं शुक्रवारी रात्री आलं. शनिवार त्यांनी झोपून काढला आणि रविवारी संध्याकाळी विकतचा केक घेऊन शेजाऱ्यांची ओळख करून घ्यायला निघाले. शेजारी म्हणजे आम्ही. मी सहज विचारलं, चौकीत जाऊन आलात ना? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. केक टेबलावर तसाच राहिला आणि आम्ही तिघं चौकीत. उशीर झाला तर कायद्यात ताकीद आहे, २,००० युआनपर्यंत दंडही आहे. यांचं ताकिदीवर भागलं. परत आल्यावर केक कापला.

हे सगळं सुझोऊमधलं. शांघायहून बुलेट ट्रेननं साधारण अर्धा तास. तिथं १९९४ साली चीन आणि सिंगापूरनं मिळून मोठं औद्योगिक क्षेत्र उभं केलं, त्यामुळे परदेशी कारखाने भरपूर आणि त्यांच्या मागोमाग परदेशी माणसं, शाळा, दवाखाने, पावाची दुकानं. मी पुण्याहून अशाच एका कारखान्याच्या कामासाठी गेले होते. समोरची दोघं अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातली, पन्नाशीची. बाई शाळेत गणित शिकवायच्या, नवरा त्यांच्याबरोबर आलेला. खरी नावं सांगत नाही. आमच्या घरात त्यांना पहिल्या दिवसापासून 'मिशिगनकर'च म्हणायचे.

चीनमधल्या अमेरिकनांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. काडीला टोचलेले विंचू, गर्दी, काचेचे पूल. मिशिगनकरांनी दोन वर्षांत एकही विंचू खाल्ला नाही. त्यांचे दिवस जायचे ते कागदात, म्हणून मी पण तेच सांगणार आहे.

आधी त्यांच्या घरातली नोकरीची भानगड. बाईंना शाळेनं कामाचा परवाना काढून दिला, त्यावर वास्तव्याचा परवाना मिळाला. नवऱ्याचा व्हिसा एस-वन, म्हणजे इथं काम करणाऱ्याच्या कुटुंबातला माणूस. या व्हिसावर वर्षानुवर्षं राहता येतं, पण पगाराचं काम करता येत नाही. शिकवणी नाही, अर्धवेळ नाही, काही नाही. अमेरिकेत एचवन-बी या नोकरीच्या व्हिसावरच्या नवऱ्यामागे गेलेल्या आपल्या कितीतरी मुली एच-फोरवर बसून राहतात ना, तेच. फक्त इथं घरी बसलेला माणूस सहा फुटी अमेरिकन, आणि तोही चांगला यंत्र-अभियंता. मला त्यात थोडी गंमत वाटायची. माझ्या मैत्रिणीनं न्यू जर्सीत सहा वर्षं अशीच काढली, म्हणून फार हसले नाही.

मग घरी बसलेले हे मिशिगनकर काय करायचे? नाव जुळवायचे.

(इथे पाटीवर नाव लिहून दाखवायचं : पहिलं, मधलं, आडनाव)

त्यांच्या पासपोर्टवर तीन नावं. पहिलं, मधलं, आडनाव. मधल्या मोकळ्या जागा धरून चोवीस अक्षरं. चिनी माणसाचं नाव बहुतेक दोन-तीन अक्षरांचं, आणि आडनाव आधी. तिथले फॉर्म त्याच मापानं शिवलेले. बँकेनं यांचं आडनाव आधी टाकलं. मोबाइलवाल्यांनी शेवटी. तिसऱ्या ठिकाणी सगळं कॅपिटल अक्षरांत सलग, मधे जागाच नाही. तिथं सिम कार्ड, बँक खातं आणि पैसे भरायचं अ‍ॅप या तिन्हींवर एकच माणूस आहे हे यंत्राला पटावं लागतं. यंत्राला तीन माणसं दिसायची.

आपल्याला हे सांगायला नको. मधे वडिलांचं नाव, लग्नानंतर नवऱ्याचं, पॅनवर एक, आधारवर दुसरं, दहावीच्या सर्टिफिकेटवर तिसरंच. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे यासाठी अ‍ॅफिडेव्हिट नावाची गोष्ट असते. ते म्हणाले, इथं कुठं मिळते?

आणि मग पासपोर्ट संपला. अमेरिकन पासपोर्ट दहा वर्षांचा असतो आणि नवीन घेतला की नंबर बदलतो. आपलाही बदलतो. पण भारतात आपलं काही त्या नंबरावर अडत नाही. चीनमधल्या परदेशी माणसाचा तोच आधार, तोच पॅन, तोच सगळं. मिशिगनकरांनी शांघायच्या वकिलातीतून नवा पासपोर्ट आणला. मग चौकीत नवी नोंद. मग वास्तव्याच्या परवान्यात बदल, त्यासाठी दहा दिवसांच्या आत अर्ज करायचा, आणि तो होईपर्यंत पासपोर्ट त्यांच्याकडे जमा, हातात नुसती पावती. त्या पावतीवर देशात फिरता येतं, बाहेर जाता येत नाही. मग सिम. मग बँक. मग पैशांचं अ‍ॅप. मग रेल्वेचं खातं, कारण ट्रेनचं वेगळं तिकीट नसतंच, पासपोर्ट हेच तिकीट. प्रत्येक ठिकाणी आधीच्या ठिकाणचा पुरावा मागतात. त्यांनी फ्रिजवर एक तक्ता चिकटवला होता, कुठल्या खिडकीला कुठला कागद लागतो त्याचा. बाणांनी भरलेला. अभियंता माणूस, दुसरं काय करणार.

बँकेत मी एकदा बरोबर गेले होते. काउंटरवरची मुलगी अतिशय नम्र. नवा पासपोर्ट पाहिला, जुना पाहिला, मग विचारलं, जुन्या नंबरचा आणि नव्या नंबरचा माणूस एकच आहे याचा पुरावा आहे का? मिशिगनकरांनी स्वतःच्या चेहऱ्याकडे बोट दाखवलं. मुलगी हसली. आणि नकाराची मान हलवली.

तुम्ही म्हणाल, आता तर परदेशी कार्डं चालतात. चालतात. जुलै २०२३ पासून अलीपे आणि वीचॅट पे या तिथल्या पैसे भरायच्या अ‍ॅपना व्हिसा, मास्टरकार्ड जोडता येतं. २०० युआनपर्यंत वरचे पैसे नाहीत, त्यापुढे ३ टक्के. आठवडाभर फिरायला आलेल्याला हे उत्तम. पण घरभाडं द्यायचं, पगार जमा व्हायचा, तर चिनी खातं लागतंच. घरभाड्याची तिथली एक सर्रास पद्धत सांगते, एक महिन्याचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ. मिशिगनकरांना हे ऐकून घाम फुटला होता. मुंबईची डिपॉझिटं मी त्यांना सांगितलीच नाहीत.

इंटरनेटचं थोडक्यात. तुम्ही हा व्हिडिओ ज्या यूट्यूबवर बघताय ते तिथं उघडत नाही. गुगल नाही, व्हॉट्सअ‍ॅप नाही, फेसबुक २००९ पासून बंद. मात्र परदेशी सिम रोमिंगवर असलं की ही भिंत आडवी येत नाही. शिवाय अमेरिकेतल्या बँकेचा ओटीपी जुन्या नंबरवरच येतो, म्हणून मिशिगनचा नंबर महिन्याला पैसे भरून जिवंत ठेवलेला. दोन फोन. एक चीनसाठी, एक अमेरिकेसाठी, आणि जेवताना दोन्ही ताटाशेजारी.

राजकारणाचं काय, असं मला आपल्याकडे सगळे विचारतात. २०१० च्या चिनी जनगणनेत परदेशी लोकांमध्ये दक्षिण कोरियाचे सर्वांत जास्त होते आणि दुसरा नंबर अमेरिकनांचा, ७१,४९३. पुढे दिवस बदलले. जुलै २०२० मध्ये दोघांनी एकमेकांची एकेक वकिलात बंद करायला लावली, चीननं अमेरिकेतली ह्यूस्टनची गमावली आणि अमेरिकेनं चीनमधली छंगदूची. अमेरिकन सरकारनं आपल्या लोकांना चीनला जाण्याआधी पुन्हा विचार करा असंच सांगितलं होतं, तो इशारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एक पायरी खाली आणला. आमच्या सोसायटीच्या फाटकावरचे आजोबा मात्र मिशिगनकरांना एकच प्रश्न विचारायचे, पगार किती? ते म्हणायचे, शून्य. आजोबांना वाटायचं, भाषा कळली नसेल. मग परत विचारायचे, मोठ्यानं.

आता मला सगळ्यात नवल वाटलं ते सांगते. मार्च महिना लागला की मिशिगनकर जेवणाच्या टेबलावर अमेरिकेचा कर भरायला बसायचे. राहतात चीनमध्ये, बाईंचा पगार चीनमध्ये, त्यावर चीनचा कर कापून झालेला. तरी अमेरिकेला हिशेब द्यायचाच. आपला एनआरआय तिकडे कमावतो त्यावर भारत सरकार कर मागत नाही, कारण आपण माणूस कुठं राहतो ते बघतो. अमेरिका माणूस कुणाचा आहे ते बघते. जगात असा कर लावणारे देश दोनच, दुसरा आफ्रिकेतला इरिट्रिया. प्रत्यक्षात बहुतेकांना पैसे भरावे लागत नाहीत, कारण परदेशातल्या कमाईवर सूट आहे. २०२४ साठी ती १,२६,५०० डॉलर होती. पण सूट मिळायला आधी फॉर्म भरावा लागतो. शिवाय परदेशातल्या सगळ्या खात्यांत मिळून वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर रक्कम गेली तर त्याचा वेगळा तपशील, प्रत्येक खात्यासकट. म्हणजे चीनच्या बँकेला हे कोण आहेत ते पटत नाही, आणि अमेरिकेला त्याच बँकेत यांचे किती आहेत ते पै न पै कळायला हवं.

आणि थंडी. मिशिगनच्या माणसाला थंडीचं काय, असं मलाही वाटायचं. चीनमध्ये हुआइ नदी आणि छिनलिंग डोंगरांची एक रेघ आहे. १९५० च्या दशकात ठरलं की रेघेच्या उत्तरेला सरकारी हीटिंग, दक्षिणेला नाही. बीजिंगमध्ये १५ नोव्हेंबर ते १५ मार्च घरं ऊबदार. सुझोऊ रेघेच्या दक्षिणेला. बाहेर तीन अंश, घरात आठ-नऊ, आणि भिंतीवरचा एसी गरम हवा छताला देतो. मिशिगनमध्ये बाहेर उणे दहा असलं तरी घरात टी-शर्ट घालून फिरतात. इथं मिशिगनकर स्वयंपाकघरात ओव्हरकोट घालून पॅनकेक उलटायचे.

त्यात त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या बाई सकाळी आल्या की पहिलं काम म्हणजे सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या. कोंदट हवा वाईट. मग गरम पाण्याचा पेला हातात द्यायच्या. बर्फ घालून पाणी पिणाऱ्या माणसाकडे त्या अशा बघायच्या जशी माझी आजी तापात दही खाणाऱ्याकडे बघायची. आणि त्यांना म्हणायचं काय, तर 'आयी'. चिनीत आयी म्हणजे मावशी, घरकाम करणाऱ्या बाईंनाही तेच. आपणही मावशीच म्हणतो की. पण कानाला ते थेट 'आई' ऐकू येतं. पहिल्याच आठवड्यात मिशिगनकर जिन्यातून "आयी, आयी" ओरडत आले आणि मी दार उघडून धावले, यांना काय झालं म्हणून.

आता त्याच नोव्हेंबरची गोष्ट, ज्या नोव्हेंबरात नवा पासपोर्ट घेऊन खिडक्या फिरणं चालू होतं. थँक्सगिव्हिंग म्हणजे अमेरिकनांचा टर्की नावाचा मोठा पक्षी अख्खा भाजून खायचा सण. तो येतो चौथ्या गुरुवारी, तिथं गुरुवारी शाळा. म्हणून सण शनिवारी. परदेशी मालाच्या दुकानातून गोठवलेली टर्की आणली, साडेपाच किलोची. तिथं बाजारात भाव 'जिन'वर सांगतात, एक जिन म्हणजे अर्धा किलो, आणि अमेरिकन पौंड त्याच्या जवळपासच, त्यामुळे बाजारात मिशिगनकरांचं डोकं माझ्यापेक्षा जलद चालायचं. पण पौंड जुळले तरी ओव्हन जुळला नाही. आपल्याप्रमाणेच तिथल्या स्वयंपाकघरातही ओव्हन नसतो. यांनी टेबलावर ठेवायचा छोटा घेतला होता. टर्की आडवी जाईना, उभी जाईना. पाय बाहेर.

बाई हताश होऊन खुर्चीवर बसल्या. शनिवार असूनही आयी मदतीला आल्या होत्या. त्यांनी टर्कीकडे पाहिलं, ओव्हनकडे पाहिलं, आणि ओट्यावरचा रुंद सुरा उचलला. कुणी काही बोलायच्या आत खाट, खाट, खाट. दहा मिनिटांत टर्कीचे हाडासकट बोटभर तुकडे. मग कढईत साखर, सोया सॉस, आलं, चक्रफूल, वर झाकण. त्याला हुंगशाओ म्हणतात, तांबूस रंग येईस्तोवर मंद आचेवर शिजवायचं. चक्रफुलाचा वास आमच्या घरापर्यंत आला आणि मला उगाच मटणाची आठवण झाली.

संध्याकाळी सात वाजता मिशिगनकरांनी मिशिगनला आपल्या आईला व्हिडिओ कॉल लावला. उन्हाळ्यात मिशिगन बरोबर बारा तास मागे, म्हणजे घड्याळ तेच, फक्त रात्रीचा दिवस. हिवाळ्यात तेरा. तिकडे पहाटेचे सहा. म्हातारी गाऊनमध्ये, केस विस्कटलेले. कॅमेरा कढईवर नेला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "टर्की कुठं आहे?"

आयींना वाटलं आपल्याला काही विचारलं. त्यांनी गरम पाण्याचा पेला उचलून स्क्रीनला दाखवला.

कढई संपली. हाडांचं आयींनी रविवारी सूप केलं, आणि सोमवारी सकाळी ते थर्मासमध्ये भरून मिशिगनकर बँकेत गेले. नाव अजून जुळलं नव्हतं.