वाफ्यातलं तण, आणि खाली ठेवलेली कुदळ

(एकच वाफा, मधोमध ताणलेली सुतळी. डावीकडची माती खोल उलटवलेली, उजवीकडची नुसती ओरखडलेली.)

माती एक, पाणी एक, ऊन एक. सुतळीच्या डावीकडे आम्ही वीतभर खणलं. उजवीकडे खुरपं वरच्यावर फिरवलं, बस्स. पेरलं काहीच नाही. कॅमेरा लावला आणि १२ दिवस जागचा हलवला नाही.

(१२ दिवस, २० सेकंदांत. इथे निवेदन नाही.)

डावीकडे उगवलंय ते बाहेरून आलेलं नाही. मातीतच पडून होतं, आपण त्याला वर काढलं. "चांगलं खोल खणून माती साफ केली" असं आपण मोठ्या समाधानाने सांगतो, तेव्हा बहुतेक वेळा हे असं झालेलं असतं.

(बोटाच्या पेरावर घोळीचं काळं बी.)

हे घोळीचं बी. मोहरीसुद्धा याच्यापुढे दांडगी वाटेल. एवढ्याशा बियात शिदोरी ती किती असणार? बारीक बियांच्या बहुतेक तणांना वर यायला दोन-तीन सेंटिमीटरची मजल झेपते, फार तर थोडी अधिक. त्याहून खोल गेलेलं पुष्कळसं बी उगवायच्या भानगडीत पडत नाही, थांबून राहतं. शिवाय पुष्कळ तणांना फुटण्यासाठी उजेडाची खूण लागते. ढेकूळ उलटलं, क्षणभर प्रकाश पोचला, की वर जागा मोकळी झाल्याचं त्यांना कळतं.

(रेखाटन: तोंड खाली करून पुरलेल्या बाटल्या.)

हे थांबणं किती लांबू शकतं? १८७९ मध्ये अमेरिकेत, मिशिगनमध्ये, विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने वेगवेगळ्या रानटी झाडोऱ्याच्या बिया वाळूत मिसळून २० बाटल्यांत भरल्या आणि जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरायची आणि बी पेरून बघायचं. २०२१ मध्ये, १४२ वर्षांनंतर काढलेल्या बाटलीतल्याही काही बिया उगवल्या. ही बाटली दिवसा नाही, रात्रीच्या अंधारात काढतात. बाकीच्या बाटल्यांना उजेड लागू नये म्हणून. आणि आपण भर उन्हात कुदळ घेऊन उभे!

(हात, खुरपं, जमिनीलगत.)

म्हणून पेरणीआधी वाफ्याला नुसतं पाणी द्यायचं आणि आठ-दहा दिवस वाट बघायची. वरच्या थरातलं बी फुटतं. मग खुरपं आडवं धरायचं, उभं नाही. माती कापायची नाही, तिच्यावरची साय काढायची. आवाज ऐका: खरवडल्याचा आहे, घावाचा नाही.

(जवळून: पात्यावर पांढरे दोरे.)

हे दोऱ्यासारखे कोंब तणाचेच. पहिली दोन पानंही धड उघडलेली नाहीत. या वयात ते नुसतं हललं तरी मरतं. वरची माती कोरडी असावी आणि पुढे कडक ऊन असावं, म्हणून हे काम सकाळी. यानंतर बी पेरताना माती पुन्हा चाळवायची नाही. रेघ ओढायची तेवढीच. आणखी दोन आठवडे गेले, की हेच तण दोन्ही हातांनी ओढावं लागतं आणि येताना शेजारच्या रोपाची मुळंही हलवतं.

(घोळीचं बोंड. टोपी गळून पडते.)

या दृश्यासाठी आम्ही दोन दिवस पालथे पडलो होतो. बोंडाची टोपी निघते आणि आतलं बी मोकळं होतं. उपटून वाफ्याच्या कडेला टाकलेली घोळ मेली असं समजू नका. मांसल खोडातल्या पाण्यावर ती तिथे पडल्या पडल्या बी पिकवते. ओल मिळाली तर तुटक्या कांडीलाही मुळं फुटतात. फुलावर आलेली घोळ बादलीत टाकायची आणि वाफ्यापासून लांब न्यायची.

(काचेच्या पेटीतला लव्हाळा. मातीचा उभा छेद.)

आता लव्हाळा. वरून हिरवी पाती, उपटली की हातात येतात. मग खाली बघा. काळपट गाठी, गाठीला दोरा, दोऱ्याला पुढची गाठ. वरचं ओढलं की दोरा तुटतो, आणि एरवी झोपून राहिली असती ती गाठही जागी होते. इथे मात्र आमचाच नियम मोडावा लागतो, खणावं लागतं. फक्त कुदळीने साखळीचे तुकडे करायचे नाहीत. दात्यांच्या अवजाराने माती सैल करून गाठी हाताने वेचायच्या आणि उन्हात खडखडीत वाळवायच्या. मागे राहिलेल्या फुटल्या, की पाती कापत राहायचं. दर वेळी नवी पाती काढताना गाठीतला साठा थोडा खर्च होतो. एका हंगामात हे आटपेल, असं आम्ही म्हणणार नाही.

(काळं प्लॅस्टिक. मधोमध टोचून वर आलेलं हिरवं टोक.)

हा लव्हाळाच. प्लॅस्टिकने अडेल तो लव्हाळा कसला!

(वाळल्या पानांचा थर. हात एक कोपरा उचलतो.)

इतर तणांना आच्छादन पुरतं. वाळली पानं किंवा वाळलं गवत, चार बोटं जाड. रोपाच्या खोडापासून दोन बोटं दूर, नाहीतर खोड कुजतं. गवताला तुरे आलेले नसावेत. खाली फिकट पिवळा पडलेला हा कोंब बघा. उजेडापर्यंत पोचायच्या आत त्याची शिदोरी संपली.

तणनाशकाबद्दल विचारणारे असतात. सरसकट मारणारं औषध वाऱ्याने मिरचीच्या पानावर उडालं तर मिरचीही जाते. काही औषधं गवतातून आणि शेणखतातून टिकून येतात आणि टोमॅटोची, शेंगवर्गातल्या रोपांची पानं वेडीवाकडी करतात. तण वाढू दिलं तर कांदा आणि गाजर सगळ्यात आधी मागे पडतात, आणि पहिल्या काही आठवड्यांतला तोटा पुढे भरून निघत नाही.

(पुन्हा पहिला वाफा. सुतळी काढलेली, दोन्हीकडे रोपं. डावीकडे आच्छादनातून वर आलेलं एक टोकदार पातं.)

हा आज सकाळचा शॉट. कुदळ भिंतीला टेकून आहे. हात पात्याच्या बुडाशी माती चाचपतोय, गाठ सापडेपर्यंत.

(निवेदन नाही. गाठ तळहातावर.)