बिननगरसेवकांची बॅच

[दृश्य: सकाळचा कॉलेज रोड. सिटीलिंकच्या बसमधून उतरणारी मुलंमुली. चौकात वाढदिवसाचे फ्लेक्स.]

नाशिकमध्ये 2022 च्या पावसाळ्यात ज्यांनी बी.ए.ला प्रवेश घेतला आणि 2025 च्या उन्हाळ्यात जे पदवी घेऊन बाहेर पडले, त्यांच्या नावावर एक विचित्र विक्रम जमा आहे. राज्यशास्त्र घेतलेल्या या मुलांनी स्थानिक स्वराज्य संस्था शिकल्या. महापौराचे अधिकार पाठ केले, स्थायी समितीची रचना लिहिली, त्यावर मार्क मिळवले. आणि या सगळ्या काळात त्यांच्या शहरात एकही नगरसेवक पदावर नव्हता.

फ्लेक्सवर मात्र भरपूर होते. माजी होते, भावी होते. आजी तेवढे नव्हते.

2017 साली निवडून आलेल्या 122 नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. महापालिका प्रशासकाच्या, म्हणजे सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, हाती गेली. जिल्हा परिषदेचंही त्याच महिन्यात तेच झालं.

[दृश्य: वर्ग. फळ्यावर 'मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वे : फरक'.]

आधी हा विषय घेतो कोण, ते पाहू. बारावी आर्ट्स झालेला मुलगा किंवा मुलगी. 'सायन्सला का नाही गेलास?' हे मामा विचारतो, शेजारचे काका विचारतात, लग्नात पंगतीला बसलेलं कोणीही विचारतं. त्यावर तयार उत्तर असतं: एमपीएससी करायचीय, तिथं पॉलिटी (राज्यव्यवस्था) असते. घरचे गप्प होतात. राज्यशास्त्राच्या निम्म्या प्रवेशांमागे हे एक वाक्य असावं, असा आमचा अंदाज. खोटं कशाला बोला?

कॉलेज रोडचं एचपीटी कॉलेज 1924 सालचं, गंगापूर रोडला केटीएचएम, शिवाय तालुक्यातालुक्यातली कॉलेजं. पहिल्या वर्षाला संविधानाची ओळख, मग राजकीय विचारप्रणाली, पाश्चिमात्य विचारवंत, आंतरराष्ट्रीय राजकारण. या बॅचपर्यंत 'जनरल' आणि 'स्पेशल' असे पेपर होते. पुढं नवं शैक्षणिक धोरण आलं, मेजर-मायनर (मुख्य आणि दुय्यम विषय) आलं, चौथ्या वर्षाची सोय झाली. बदललं नाही ते गाईड. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात प्लेटो, कौटिल्य आणि पंचायत राज हे तिघं एकाच पिवळ्या हायलायटरखाली येतात. शिकवणारेही पुष्कळदा तासिका तत्त्वावरचे. आज या कॉलेजात दोन तास, उद्या त्या.

[दृश्य: संविधानाच्या मराठी प्रतीचं उघडं पान. बोट एका ओळीवर थांबतं.]

आता ही ओळ वाचा. अनुच्छेद 243-यू. 74 व्या घटनादुरुस्तीने आलेला, 1 जून 1993 पासून लागू. पालिकेची मुदत पहिल्या सभेच्या दिवसापासून पाच वर्षं, त्याहून जास्त नाही. पुढची निवडणूक ती मुदत संपायच्या आत. मुदतीआधी बरखास्त झाली, तर सहा महिन्यांच्या आत. यात 'शक्यतो' नाही, 'परिस्थिती पाहून' नाही.

साहजिकच वर्गात हात वर होतो. सर, मग आपल्याकडं जे चाललंय ते घटनाबाह्य नाही का?

या प्रश्नाला दोन उत्तरं मिळतात. एक घाईचं: पेपरात पाच वर्षं लिहा. दुसरं लांबचं, आणि खरं तर तोच अख्खा विषय आहे. मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी चाचणीचा आग्रह धरला. आयोग नेमून माहिती गोळा करा, प्रत्येक संस्थेपुरतं प्रमाण ठरवा, आणि एकूण आरक्षण 50 टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. माहिती तयार नव्हती. आरक्षणाशिवाय निवडणूक नको, यावर बहुतेक सगळे पक्ष एका सुरात. त्यात एका प्रभागात नगरसेवक तीन की चार, यावर सरकारागणिक निर्णय फिरला. प्रभागरचना कुणी करायची, यावरूनही कोर्ट. तारीख पे तारीख म्हणतात तसं. शेवटी 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असं बजावलं, तोवर ही बॅच शेवटच्या वर्षाला पोचली होती.

म्हणजे मुदत सांगणारं कलम एका बाजूला, समान प्रतिनिधित्वाचा हक्क दुसऱ्या बाजूला, आणि मधे कायदेमंडळ, न्यायालय, निवडणूक आयोग. गाईडमध्ये हे सगळे वेगवेगळे धडे आहेत. नाशिककरांना ते एकाच वेळी भोगायला मिळाले.

[दृश्य: शरणपूर रोड, महापालिकेचं राजीव गांधी भवन. आत-बाहेर करणारी माणसं, हातात अर्ज.]

भोगायला म्हणजे काय? एरवी महापालिकेचं अंदाजपत्रक आयुक्त स्थायी समितीला सादर करतात. समिती त्यात भर घालते, कात्री लावते, मग ते महासभेत जातं. तिथं आरडाओरडा होतो, सभात्याग होतो, कधी राजदंड पळवला जातो. टीव्हीवर ते पाहून आपण नाकं मुरडतो. प्रशासकाच्या काळात आरडाओरडा नव्हता. प्रस्ताव मांडणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा एकच. काम झटपट होतं, असं म्हणणारे नाशिककर कमी नाहीत, आणि त्यांचं सगळंच चूक नाही. नळाला पाणी आलं की महासभा आठवते कुणाला! पण सत्ताविभाजनाचा धडा शिकवायला याहून चांगलं उदाहरण कुठल्या प्राध्यापकाला सापडलं असतं? 2027 च्या सिंहस्थाची आखणीही याच काळात सुरू झाली. शहराचा पुढच्या कित्येक वर्षांचा पैसा कुठं जायचा हे ठरत होतं आणि विचारणारं सभागृह रिकामं होतं.

[दृश्य: जिल्हा परिषद शाळेचा व्हरांडा. सतरंजी, प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर जाड रजिस्टर.]

गावात मात्र सरपंच होते. म्हणून या विषयाची खरी शिकवणी खेड्यातून आलेल्या मुलांची झाली.

सिन्नर किंवा निफाड तालुक्यातली ग्रामसभा बघा. गणपूर्तीला, म्हणजे किमान हजेरीला, हवेत 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातला कमी असेल तो आकडा. अकराची वेळ. साडेअकरापर्यंत पंचवीसेक डोकी, त्यात निम्मी घरकुलाच्या यादीसाठी आलेली. ग्रामसेवक घड्याळ बघतो. सभा तहकूब. पुढच्या तारखेला तीच सभा भरते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही! पंचवीस माणसं अख्ख्या गावाचं ठरवून मोकळी. काही गावांत तर प्रोसिडिंगवरच्या सह्या नंतर घरोघर फिरून घेतल्या जातात. रजिस्टर पाहिलं तर सभा भरगच्च. ज्या मुलाने हे डोळ्यांनी पाहिलंय, त्याला 'प्रत्यक्ष लोकशाही'वर टीप लिहिताना पेन अडखळल्याशिवाय राहत नाही.

त्याच्याच बाकावर सुरगाण्याची मुलगी बसते. ती आदिवासी वसतिगृहात राहते. तिचा तालुका अनुसूचित क्षेत्रातला, तिथं 1996 चा पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा. महाराष्ट्राचे नियम 2014 चे. त्यांनुसार पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते, गौण वनोपजावर तिचा अधिकार, पेसाचा अबंध, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधी कशावर खर्चायचा तेही तिनेच ठरवायचं. कागदावरचे हे अधिकार सिन्नरच्या ग्रामसभेपेक्षा कितीतरी मोठे. प्रत्यक्षात? तिच्याकडे उत्तर तयार असतं: आमच्याकडं बाया बोलायला लागल्यात, पण तालुक्याच्या साहेबाला अजून ते आवडत नाही.

2018 च्या 6 मार्चला नाशिकच्या सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) चौकातून शेतकऱ्यांचा लाँग मार्च मुंबईला निघाला, तेव्हा ही मुलं आठवीत होती. वनहक्क कायदा 2006 चा, आणि बारा वर्षांनी त्याच्या अंमलबजावणीसाठी म्हाताऱ्या बाया सुजलेल्या पायांनी सुमारे 180 किलोमीटर चालल्या. सुरगाणा, पेठ, दिंडोरीच्या वर्गात त्यांची नातवंडं असतात.

[दृश्य: पंचवटी. काळाराम मंदिराचा दरवाजा, दगडी पायऱ्या.]

हे आजचंही नाही. 2 मार्च 1930 ला या दरवाजांपाशी सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं, जमिनीवरची बांधणी दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावच्या दादासाहेब गायकवाडांची. दरवाजे उघडले नाहीत. 13 ऑक्टोबर 1935 ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. अनुच्छेद 17 अस्पृश्यता नष्ट करतो, 25 मध्ये सार्वजनिक हिंदू मंदिरं सर्व वर्गांतल्या हिंदूंना खुली करण्याची तरतूद आहे. वर्गात या कलमांचे क्रमांक पाठ होतात. पंचवटीत ती कशासाठी लागली ते कळतं. 1957 साली दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले, आणि 1963 च्या पोटनिवडणुकीत याच मतदारसंघाने कराडच्या यशवंतराव चव्हाणांना बिनविरोध पाठवलं. मत न देता खासदार मिळणं ही लोकशाहीची ताकद की गैरसोय, यावर तास संपेपर्यंत वाद घालता येतो.

[दृश्य: अंबड एमआयडीसी, शिफ्ट सुटते. गणवेशातला कामगार, पाठीला सॅक.]

यशवंतरावांच्याच नावाचं मुक्त विद्यापीठ 1989 पासून नाशिकमध्ये आहे. तिथं बी.ए. करणाऱ्यांत कंपनीतले कामगार असतात, पोलीस शिपाई असतात, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या बाया असतात. त्यांच्यात 'पुढं काय?' हा प्रश्न कमी आणि 'रेशन कार्डाचं हे असं का?' हा जास्त.

नियमित कॉलेजातून बाहेर पडलेले कुणी एलएलबीला गेले, कुणी एम.ए.ला, कुणी बातमीदारीत. बरेच जण अभ्यासिकेत आहेत. एमपीएससीने 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक केली. चार पर्यायांतला एक गोल काळा करून आता भागत नाही, पानं भरावी लागतात. स्थानिक स्वराज्य संस्थांवर प्रश्न आला, तर या बॅचला पहिल्या परिच्छेदात द्यायला स्वतःच्या प्रभागाचं उदाहरण आहे.