'नीट वाग' म्हणजे नेमकं काय करायचं? प्राथमिक शाळेतल्या वागणुकीबद्दल थोडं सविस्तर

नमस्कार मंडळी! आजचा विषय तुम्हीच दिलाय. नवं वर्ष सुरू झालं की शाळेकडून नियमांचा एक कागद घरी येतो आणि मग माझ्याकडे एकसारखे मेसेज सुरू होतात. 'बाई, मुलगी पहिलीत गेली, शाळेत कसं वागायचं हे तिला कसं समजावू?' 'मुलगा घरी अगदी गुणी आहे, शाळेतून मात्र रोज तक्रार.' मी प्राथमिकच्या वर्गांना शिकवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे.

कागदावरचे नियम भराभर उरकते, कारण कुठल्याही प्राथमिक शाळेत ते जवळपास तेच असतात. वेळेवर यायचं. बोलायचं असेल तर हात वर करायचा. दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मारायचं नाही, चिडवायचं नाही. रांगेत चालायचं. वस्तू जागच्या जागी ठेवायची. आणि काही खुपलं, कुणी त्रास दिला, तर मोठ्यांना सांगायचं. हा शेवटचा नियम पुष्कळ याद्यांमध्ये नसतोच. तो पहिला हवा. असो. दुसरीतल्या मुलाला झोपेतून उठवून विचारलं तरी ही यादी तो धडाधडा म्हणून दाखवेल.

मग घोडं अडतं कुठे?

नियम पाठ असतो, पण त्या क्षणी हातापायांनी काय करायचं ते ठाऊक नसतं. मनात आलेली गोष्ट रोखून धरण्याचं काम मेंदूचा जो पुढचा भाग करतो, त्याची वाढ विशी ओलांडली तरी चालूच असते. सहा-सात वर्षांच्या मुलाला 'माहीत असून असं का केलंस?' असं विचारलं की ते आपल्याकडे बघत राहतं. ते खोटं बोलत नसतं. त्याच्याकडे खरंच उत्तर नसतं.

आता माझा सगळ्यात आवडता मुद्दा. तुम्ही व्हिडिओ मध्येच पुढे ढकलत असाल तर इथे थांबा.

[मोबाइल हातात घेऊन, आवाज बंद केल्याची खूण]

समजा वर्गाचं चित्रीकरण केलंय आणि आवाज बंद आहे. नुसतं बघून सांगता येतंय का, की मूल नियम पाळतंय? सांगता येत असेल तर तो नियम शिकवता येतो. 'आदराने वागा.' काय दिसेल? काहीच नाही. 'दुसरा बोलत असेल तर त्याचं संपेपर्यंत थांबा.' हे दिसतं. काही जण यात 'डोळ्यांत बघून ऐका' असंही घालतात. ते नका घालू. काही मुलांना डोळ्यांत बघणं फार जड जातं आणि खाली बघूनच ती चांगलं ऐकतात.

हेच मुलाच्या बाजूने बघा. आपण म्हणतो, 'पळू नकोस.' मूल पळणं थांबवतं आणि उड्या मारायला लागतं. आपल्याला वाटतं मुद्दाम करतंय. अहो, त्याला काय करायचं नाही ते कळलं, काय करायचं ते कुणी सांगितलंच नाही! 'पाऊल टाकत चाल, एक हात भिंतीच्या बाजूला' असं सांगा. माझ्या वर्गात एक मुलगा होता, रांगेत उभा राहिला की पुढच्याला ढकलायचाच. 'ढकलू नकोस' हे त्याने इतक्या वेळा ऐकलं होतं की ते त्याच्या कानात शिरतच नव्हतं. मी त्याला म्हटलं, 'रांगेत तुझे दोन्ही हात दप्तराच्या पट्ट्यांवर.' बस्स. हातांना जागा मिळाली आणि ढकलणं कमी झालं. एका दिवसात नाही, पण झालं.

आता शिक्षकांच्या बाजूने. माझे बरेच प्रेक्षक शिक्षक आहेत, म्हणून थोडं स्पष्टच बोलते. 'शांत बसा' हे आपण सगळेच म्हणतो. पण एका तासाला त्याचा अर्थ टाचणी पडली तरी ऐकू यावी असा असतो आणि पुढच्या तासाला शेजाऱ्याशी कुजबुजलं तरी चालतं. मुलांनी ओळखायचं कसं? त्यापेक्षा आवाजाचे टप्पे ठरवा. आवाज नाही, कुजबुज, गटात ऐकू येईल इतका, वर्गभर ऐकू येईल इतका. काम सुरू करण्याआधी कुठला टप्पा ते सांगा. अमेरिकेतल्या पुष्कळ शाळांत पीबीआयएस नावाची पद्धत आहे. तिच्यात शाळेने तीन ते पाचच नियम ठेवायचे, तेही 'करा' अशा भाषेत, आणि मग तक्ता करायचा: हाच नियम मैदानावर कसा दिसेल, जिन्यात कसा दिसेल, स्वच्छतागृहात कसा दिसेल. नियम एकच, पण जागा बदलली की त्याचं रूप बदलतं. हे मोठ्यांना आपोआप कळतं. मुलांना नाही कळत.

आणि पालकांच्या बाजूने. डायरीत शेरा येतो, 'वर्गात दंगा करतो.' तुम्ही घरी रागावता. मूल रडतं. उद्या परत तेच! त्या शेऱ्यात आहे काय हो? शिक्षकांना नम्रपणे तीन गोष्टी विचारा. कधी होतं? कुठे होतं? आणि नेमकं काय करतो? 'गणित संपून चित्रकला सुरू होताना, सामान काढायच्या वेळी, उठून दुसऱ्याच्या बाकाजवळ जातो.' आता काहीतरी हाती लागलं. बहुतेक गोंधळ असाच, एक काम संपून दुसरं सुरू होताना होतो. मग घरी रागवायची गरजच नाही, एक पुस्तक ठेवून दुसरं काढण्याचा सराव घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

सराव हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. पाढे आपण एकदा सांगून सोडून देत नाही, मग रांग एकदा सांगून कशी येईल? करून दाखवा, मुलांकडून करून घ्या, सुट्टीनंतर पुन्हा घ्या. मात्र वातावरण शांत असताना घ्या. गोंधळ चालू असताना घेतलेला सराव मुलांना शिक्षाच वाटतो. आणखी एक, चुकीचं वागणं मुलांना करून दाखवायला लावू नका. त्यांना त्याचीच मजा येते आणि तेच लक्षात राहतं.

आता कमेंट. 'आमच्या वेळी एक छडी पुरायची.' प्रत्येक व्हिडिओखाली ही असतेच. नाही, पुरायची नाही. पुरली असती तर रोज लागली नसती. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात, 28 व्या कलमात, शाळेतली शिस्त मुलाची प्रतिष्ठा सांभाळूनच असावी असं स्पष्ट म्हटलंय. आणि परिणामाचंच विचाराल तर जेकब कूनिन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने वर्गांचं चित्रीकरण करून अभ्यास केला, तो 1970 मध्ये प्रसिद्ध झाला. मूल चुकल्यानंतर शिक्षक काय करतात, यावरून सुरळीत वर्ग आणि गोंधळाचा वर्ग असा फरक करताच येईना. फरक होता तो चुकण्याच्या आधी: शिक्षकांचं सगळीकडे लक्ष आहे का, कामात खंड पडतोय का.

याच्याच जोडीला, दोघे बोलले म्हणून सगळ्या वर्गाची मधली सुट्टी बंद करणं. याचा मला मनापासून राग येतो. जी अठ्ठावीस मुलं गप्प बसली होती, त्यांना आपण काय शिकवलं? आणि ज्या दोघांना हालचालीची सगळ्यात जास्त गरज होती, त्यांचीच हालचाल काढून घेतली.

स्टिकरबद्दलही खूप जण विचारतात. सरसकट वाईट नाहीत, पण जपून. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची आवड असलेल्या लहान मुलांवर प्रयोग केला. 'चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र' असं ज्यांना आधी सांगितलं होतं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळात चित्राकडे कमी वळली. ज्यांना न सांगता अचानक प्रशस्तिपत्र मिळालं, त्यांचं तसं झालं नाही. म्हणून जे मूल आपणहून वस्तू आवरतं, त्याला आवरण्याचं आमिष दाखवू नका. 'तू सगळे रंग डब्यात परत ठेवलेस, आता पुढच्या गटाला लगेच मिळतील' असं सांगा. नुसतं 'शाब्बास' म्हटलं तर शाबासकी कशाची ते त्याला कळत नाही. आवाज बंद करून बघायची कसोटी कौतुकालाही लावा.

शेवटची कमेंट एका आईची. 'मुलगी पाच वर्षांची, वर्गात बसतच नाही, शाळा म्हणते शिस्त नाही.' ताई, आधी विचारा, किती वेळ बसणं अपेक्षित आहे? मध्ये उठायची परवानगी आहे का? या वयात मध्ये मध्ये हालचाल लागतेच. वह्या वाटायचं काम तिला देता येईल का, तेही विचारा. आणि ऐकू येतंय ना, फळ्यावरचं दिसतंय ना, हे डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या. न ऐकणारं मूल कधी कधी खरोखरच ऐकू न येणारं मूल असतं.

तुमच्या शाळेच्या यादीतला जो नियम आवाज बंद करून बघायच्या कसोटीला उतरत नाही, तो खाली लिहा. कितवीचा वर्ग आणि कुठली जागा, वर्ग, मैदान की जिना, तेही लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातले काही घेऊन आपण ते 'करा' च्या भाषेत बसवू.