तुर्कस्तानात दुपारी जेवा

नमस्कार श्रोतेहो.

सुट्टीत तुर्कस्तानला जाऊन आलेल्या आपल्याकडच्या मंडळींना "जेवणाचं काय केलंत?" असं विचारलं, की बहुतेकांचं उत्तर सारखंच असतं. सकाळी हॉटेलचा बुफे, दुपारी बस थांबेल तिथला बुफे आणि रात्री इंडियन रेस्टॉरंट. मध्ये कुठेतरी बक्लाव्याचा एखादा तुकडा आणि परतताना विमानतळावर घेतलेले लोकुमचे, म्हणजे 'टर्किश डिलाइट' मिठाईचे डबे. हाया सोफिया पाहून झालं, कॅपाडोकियात बलूनमधून फिरून झालं, पण तिथली माणसं रोज काय जेवतात ते चाखायचं राहूनच गेलं. यात टूरवाल्यांना दोष देऊन उपयोग नाही. चाळीस जणांच्या गटाला तीन दिवस वरणभात मिळाला नाही तर चौथ्या दिवशी बसमध्ये काय वातावरण असतं, ते त्यांनाच ठाऊक! पण ज्यांना खरोखर तुर्की जेवण जेवायचं आहे, त्यांच्यासाठी माझं आज एकच सांगणं आहे. तुर्कस्तानात दुपारी जेवा.

दुपारीच का? रात्री पर्यटकांच्या भागात जी हॉटेलं उघडी असतात, तिथे मुख्यतः कबाब मिळतो. तो चांगलाच असतो, पण तो मुद्दाम बाहेर जाऊन खायचा पदार्थ. तुर्की घरात रोज शिजतं ते निराळं. तिथे कडधान्यांची कालवणं असतात, भाज्या असतात, सूप असतं, भात असतो. हे घरगुती जेवण बाहेर मिळण्याची जागा म्हणजे 'एस्नाफ लोकांता'. एस्नाफ म्हणजे दुकानदार, कारागीर, बाजारपेठेतली माणसं, आणि लोकांता म्हणजे त्यांची खानावळ. पहाटेपासून मोठमोठ्या भांड्यांत पंधरा-वीस पदार्थ शिजवायचे, अकराच्या सुमारास काचेच्या कपाटामागे गरम पाण्यावरच्या ट्रेमध्ये मांडायचे आणि संपले की दुकान आवरायचं. साडेबारा-एकला तिथे बसायला खुर्ची मिळत नाही. चार वाजता जाल, तर ट्रेच्या कोपऱ्यात उरलेला रस्सा दिसेल.

मेनूकार्ड शोधू नका, बहुतेक ठिकाणी ते नसतंच. काचेपुढे उभं राहायचं आणि बोट दाखवायचं. एक शब्द मात्र लक्षात ठेवा, 'आझ'. आझ म्हणजे थोडं. "आझ" म्हणून बोट दाखवलं की वाढणारा अर्धी प्लेट देतो. अशा तीन-चार अर्ध्या प्लेटा घेतल्या, की एका जेवणात बरंच काही चाखून होतं. पाव वेगळा मागावा लागत नाही, टोपलीतून येतोच. त्याचा तुकडा हातून खाली पडला, तर जुन्या वळणाचा तुर्क माणूस तो उचलून ओठांना आणि कपाळाला लावतो आणि पायाखाली येणार नाही अशा जागी ठेवतो.

आता एका विशिष्ट जेवणाविषयी सांगते. इस्तंबूलमध्ये सुलेमानिये मशीद आहे, मिमार सिनान या वास्तुकारानं 1557 मध्ये पुरी केलेली. ती पाहायला बरेच जण जातात, पण बाहेर पडून तडक बसमध्ये चढतात. मशिदीसमोर जुन्या दगडी दुकानांची एक लांब ओळ आहे, मशिदीच्या संकुलाचाच भाग असलेली. या बाजाराला तिर्याकी चार्शी म्हणत, म्हणजे नशेबाजांचा बाजार. इथल्या कॉफीखान्यांत एके काळी अफूचे शौकीन बसायचे. आता तिथे 'कुरू फासुल्ये' विकणारी दुकानं आहेत. कुरू फासुल्ये म्हणजे पांढऱ्या राजम्याचं कालवण. तुर्कस्तानचं राष्ट्रीय जेवण कोणतं, असं कुणाही तुर्क माणसाला विचारलंत, तर कबाबाच्या आधी तो बहुधा याचंच नाव घेईल.

दिसायला अगदी साधं. लोणी, कांदा, टोमॅटो आणि लाल मिरचीची घट्ट पेस्ट, आणि मंद आचेवर कितीतरी वेळ शिजलेला राजमा. त्याची खरी परीक्षा सालीत असते. दाणा अख्खा दिसला पाहिजे, साल फुटलेली नको, पण जिभेवर ठेवताच तो विरघळला पाहिजे. रस्सा चमच्यावरून पाण्यासारखा ओघळू नये, दाण्यांना धरून राहावा. सोबत भात, तोही त्यांच्या पद्धतीचा. आखूड, जाड तांदूळ, आणि त्यात लोण्यावर तपकिरी परतलेल्या बारीक शेवयांचे तुकडे. बाजूला आंबवलेल्या कोबी-काकडीचं लोणचं आणि कच्चा कांदा. काही जण तो कांदा सुरीनं न कापता मुठीनं फोडतात. पिठलं-भाकरीवर वाढलेल्या माणसाला यापुढे काही समजावून सांगायला नको. प्यायला आयरान, म्हणजे मीठ घातलेलं ताक, चांगलं फेसाळ. आलं, जिरं, कोथिंबीर यातलं त्यात काही नसतं.

गंमत अशी, की राजमा, टोमॅटो, मिरची ही तिन्ही अमेरिका खंडातून आलेली. समोरची मशीद बांधली जात होती, तेव्हा हे कालवण आजच्या रूपात अस्तित्वातच नव्हतं. तरी त्याला पारंपरिक म्हणायला माझी काही हरकत नाही. आपल्या मिरचीच्या ठेच्याचं वय तरी कुठे फार आहे?

शाकाहारी श्रोते इथे विचारतील, की त्या कालवणात मांस नसतं ना? कधी नसतं, कधी मटणाचे तुकडे असतात. म्हणून विचारायचं, "इचिंदे एत वार मी?" यात मांस आहे का? उत्तर "योक" आलं, तर नाही. कधी शब्दानं उत्तर येतच नाही. माणूस भुवया उंचावतो, हनुवटी वर करतो आणि जिभेनं 'च्' असा आवाज काढतो. तो वैतागलेला नसतो, हेही 'नाही'च असतं. भाताबद्दल वेगळं विचारा, कारण तो पुष्कळदा कोंबडीच्या किंवा मटणाच्या पाण्यात शिजवतात. मसुराच्या सूपचंही तसंच. 'मेर्जिमेक चोर्बासी' नावाचं हे सूप फार सुंदर असतं, वरून लिंबू पिळून घ्यायचं, पण त्याचं पाणी कशाचं आहे ते आधी विचारलेलं बरं. गोडातही एक सापळा आहे. 'तावुक ग्योसू' नावाची पांढरीशुभ्र दुधाची खीरवडी मिळते, आणि तिच्यात कोंबडीच्या छातीचं मांस धाग्याधाग्यानं पिंजून घोटलेलं असतं. चवीवरून ते ओळखूही येत नाही. जे मांसाहारी आहेत पण गोमांस खात नाहीत, त्यांनी दोन नावं पाठ करावीत. 'कुझू' म्हणजे कोकरू आणि 'दाना' म्हणजे गाय-वासराचं मांस. न्याहारीत जो लाल, लसणीचा सॉसेज तळून देतात, तो 'सुजुक' बहुधा दानाचाच असतो.

आणि आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. लोकांताच्या त्या काचेमागे एका बाजूला थंड ट्रे असतात. तिथल्या पदार्थांना 'झेयतिनयाली' म्हणतात, ऑलिव्ह तेलात शिजवलेले. फरसबी, कांद्याच्या पातीसारखं लीक, आर्टिचोक, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात, कांदा-टोमॅटो-लसूण भरलेलं वांगं. तेलात मंद शिजवतात, चिमूटभर साखर घालतात, त्याच भांड्यात निववतात आणि तसेच थंड वाढतात. आपली माणसं इथे हमखास अडतात. एका ग्रुपमधल्या काकांनी ती प्लेट दोनदा परत पाठवलेली मी पाहिली आहे. "अहो, भाजी गार आहे, गरम करून द्या की." वाढणारा बिचारा गोंधळून गेला होता. ती भाजी गारच खायची असते. लोणी किंवा चरबी थंड झाली की थिजते आणि टाळूला चिकटते, ऑलिव्ह तेल साध्या गारव्यात थिजत नाही. म्हणून लोण्यातले, मांसाचे पदार्थ गरम, आणि तेलातल्या भाज्या थंड. यातून शाकाहाऱ्यांच्या कामाचा एक ठोकताळा निघतो. द्राक्षाच्या पानाची गुंडाळी थंड असेल, तर आत तांदूळ, बेदाणे, चिलगोजे. गरम असेल, तर आत बहुधा खिमा. भरलं वांगं थंड असेल, तर ते 'इमाम बायिल्दी', आत कांदा-टोमॅटो. हुबेहूब तसंच दिसणारं गरम वांगं म्हणजे 'कार्नियारिक', त्यात खिमा असतो. तेव्हा काकांचं म्हणणं ऐकून कुणी गरम वांगं आणून दिलं असतं, तर पंचाईतच होती.

जेवण राजेशाही असावं अशी इच्छा असणाऱ्यांनी तोपकापी राजवाड्यातलं स्वयंपाकघर तरी पाहावं. गाइड रत्नांचं दालन दाखवायच्या घाईत असतो, पण त्या दहा घुमटांच्या, उंच धुराड्यांच्या इमारतीत रोज हजारो माणसांचा स्वयंपाक होई. 1574 च्या आगीनंतर ती पुन्हा सिनाननंच बांधली. उस्मानी, म्हणजे ऑटोमन राज्यात अन्न हा सत्तेचा विषय होता. जानिसारी नावाचं सुलतानाचं पायदळ होतं; त्यातल्या अधिकाऱ्याचा हुद्दा 'चोर्बाजी', म्हणजे सूपवाला. त्यांच्या पलटणीची सगळ्यात पवित्र वस्तू म्हणजे स्वयंपाकाचा हंडा. तो हंडा पालथा घातला, की बंड झालं असं समजायचं. हे बंडखोर खूश राहावेत म्हणून रमजानच्या मध्यावर राजवाड्यातून त्यांना बक्लाव्याची ताटं जात, वाजतगाजत मिरवणुकीनं. एवढं करून अखेर 1826 मध्ये दुसऱ्या महमूदनं ते दल बरखास्तच केलं.

बक्लाव्याचा विषय निघालाच आहे तर, तो खायचा गाझिआंतेप पद्धतीचा. आग्नेयेकडच्या या शहराला युनेस्कोनं 2015 मध्ये खाद्यसंस्कृतीसाठी सर्जनशील शहरांच्या यादीत घेतलं, आणि तिथल्या बक्लाव्याला 2013 मध्ये युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे पिस्ता पूर्ण पिकायच्या आधी उतरवतात, म्हणून तो इतका हिरवागार आणि वासाचा. पाऱ्या इतक्या पातळ लाटतात, की पलीकडचं दिसावं. वर मधाऐवजी साखरेचा पाक घालतात. ताजा बक्लावा काट्यानं दाबला की करकर आवाज आला पाहिजे. आवाज न करता काटा आत गेला, तर तो शिळा. डब्यात भरून मुंबईपर्यंत आणलेल्या बक्लाव्यावरून मत बनवू नका. गाझिआंतेपला जायला जमलं नाही, तरी इस्तंबूलमध्ये त्या शहरातल्या घराण्यांची दुकानं आहेत. तिथे उभं राहून दोन वड्या खाव्यात.

न्याहारीबद्दल फार सांगत नाही, कारण ती हॉटेलातही बरी मिळते. चीज, ऑलिव्ह, काकडी-टोमॅटो, मध आणि म्हशीच्या दुधाची जाड साय, टोमॅटो-मिरचीत घोळवलेली अंडी. रविवारी तुर्क कुटुंबं दोन-दोन तास न्याहारी करत बसतात. पूर्वेकडच्या वान शहराचं तर नावच त्यासाठी घेतात. तिथलं रानपाल्याचं चीज मिळालं तर सोडू नका.

चहाबद्दल मात्र थोडं बोलायलाच हवं, कारण आपण चहावाले लोक. पर्यटकांना गालिच्याच्या दुकानात सफरचंदाचा चहा देतात आणि मंडळी त्याची पाकिटं घेऊन येतात. तुर्क माणूस स्वतः तो पीत नाही. तो काळा चहा पितो, काळ्या समुद्राकाठच्या रिझेचा. तुर्की कॉफीचं नाव जगभर झालं, पण जिथून कॉफी यायची ते येमेन पहिल्या महायुद्धात हातचं गेलं, कॉफी महागली आणि सरकारनं चहाची लागवड वाढवली. रिझेतला पहिला चहा कारखाना 1947 चा. चहाची दोन भांडी एकावर एक असतात. खालच्यात पाणी उकळतं, त्याच्या वाफेवर वरच्यात पत्ती पंधरा-वीस मिनिटं मुरते. कमरेत बारीक अशा काचेच्या पेल्यात आधी वरचा कडक अर्क आणि मग खालचं पाणी. दूध मागू नका. पेला रिकामा झाला की पुन्हा भरला जातो. पुरे झाल्यावर चमचा पेल्याच्या तोंडावर आडवा ठेवायचा.

इस्तंबूलबाहेरची एकच शिफारस करते. कॅपाडोकियाला जाणारी बरीच विमानं कायसेरीला उतरतात, आणि विमानतळावरून सगळे थेट बलूनच्या गावाला निघून जातात. कायसेरी हे 'मान्ती'चं गाव. नखाएवढ्या खिम्याच्या पुरचुंड्या, उकडून त्यावर लसणीचं दही आणि लोण्यात फुललेली लाल मिरची. तिथे म्हणतात, की हातखंडा सुगरणीच्या चाळीस मान्ती एका चमच्यात मावल्या पाहिजेत. मांस खाणाऱ्यांनी दोन तास काढून तिथे जेवावं आणि मग पुढे जावं. पुढे गेल्यावर मडकं फोडून वाढायचा कबाब मिळतो. तो चवीला वाईट नाही, पण त्यात टाळ्यांचा भाग जास्त. त्यापेक्षा आठवडी बाजारात बायका पातळ लाटण्यानं पोळी लाटून, पालक-चीज भरून उलट्या तव्यावर भाजतात, ती 'ग्योझ्लेमे' घ्या. शाकाहाऱ्यांना पोटभर होते. वाढणाऱ्या बाईला "एलिनिझे सालिक" म्हणायला विसरू नका. तुमच्या हातांना आरोग्य लाभो, असा त्याचा अर्थ. यानंतर दुसरी ग्योझ्लेमे जरा मोठी लाटली जाण्याची शक्यता बरीच.

तारखा ठरवताना दोन गोष्टी पाहा. इस्तंबूलचा मोठा बाजार रविवारी बंद असतो, आणि त्याच्या आसपासच्या कित्येक लोकांताही. आणि रमजानच्या महिन्यात, विशेषतः लहान गावांत, दुपारचं जेवण मिळणं अवघड होतं. म्हणजे माझा आजचा सगळा सल्ला त्या महिन्यात फिरवायचा. सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास एखाद्या बेकरीसमोर रांग दिसेल. बोटांच्या ठशांची जाळी उमटवलेला, तीळ-कलौंजी लावलेला गोल गरम पाव त्या महिन्यातच मिळतो. तो घ्यायचा, लोकांतात जागा धरायची, आणि तोफ वाजेपर्यंत किंवा अजान होईपर्यंत सगळ्यांबरोबर थांबायचं. सूप सगळ्यांच्या पुढ्यात आधीच मांडलेलं असतं.

नमस्कार.