‘पी’ म्हणजे पार्किंगच का?

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात मालाडला आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळ गाडी सुरू होईना. ऑटोमॅटिक गाडी, गिअरचा दांडा ‘पी’वर म्हणजे पार्किंगवर, पाय ब्रेकवर, किल्ली फिरवली तर स्टार्टर गप्प. वॉचमन म्हणाला, “साहेब, ‘एन’वर टाकून बघा.” ‘एन’ म्हणजे न्यूट्रल. टाकलं, आणि लगेच सुरू! गॅरेजवाल्याने बॅटरी बदलायला लावली. नवी बॅटरी आली, दुखणं तेच.

दुसऱ्या मिस्त्रीने गाडीखाली शिरून केबलचं टोक दोन बोटांनी हलवलं. ते खुळखुळत होतं. दांड्यापासून गिअरबॉक्सवरच्या छोट्या लिव्हरपर्यंत ही केबल जाते, आणि तिच्या टोकाला प्लास्टिकचा बुश, म्हणजे छोटं कडं, असतो. गिअरबॉक्सच्या उष्णतेने तो कडक होतो, झिजतो, कधी तुकडे पडतात. मग दांडा ‘पी’वर पोचतो, पण गिअरबॉक्स अलीकडेच रेंगाळतो. ‘पी’ किंवा ‘एन’ नीट लागल्याशिवाय स्टार्टरला करंट जात नाही. पण खरी भीती वेगळीच. ‘पी’मध्ये चाकं अडवणारा खटका अर्धवट बसला, तर उतारावर उभी गाडी घरंगळू शकते.

बुश कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळाला. केबल लावण्याचं काम तसं सोपं. सपाट जागा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून ठोकळे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कुणी शिरू नका. आतला दांडा ‘एन’वर ठेवायचा. केबलचा नट सैल करून गिअरबॉक्सवरची लिव्हर ‘पी’च्या टोकापर्यंत न्यायची आणि तिथून दोन टप्पे परत आणायची. पहिला ‘आर’ म्हणजे रिव्हर्स, दुसरा ‘एन’. आता दोन्हीकडे ‘एन’ आहे. केबल ना ताणलेली ना ढिली, अशी धरून नट आवळायचा. आवळताना लिव्हर हलली, की पुन्हा पहिल्यापासून. आमचं दोनदा झालं. काही गाड्यांत नटाच्या जागी क्लिप असते, आणि बटणावर गिअर पडणाऱ्या नव्या गाड्यांत ही केबलच नसते.

मग तपासणी. ब्रेक दाबून ‘पी’ आणि ‘एन’मध्ये इंजिन सुरू व्हायला हवं, ‘आर’ आणि ‘डी’ म्हणजे ड्राइव्हमध्ये मुळीच नाही. ‘आर’ पडला की मागचा पांढरा दिवा लागायला हवा. तो बघायला मी वॉचमनलाच मागे उभं केलं. म्हणजे अगदी मागे नव्हे, जरा बाजूला!