'माझं पोरगं तर ठीक आहे, मग त्याला कशाला?'

नमस्कार मंडळी, नागपूरहून! उन्हामुळे आपल्या शाळा उशिरा उघडतात, पण उघडल्या बरोबर एकच प्रश्न सारखा येऊन राहिला: 'मॅडम, भीती एका-दोघांना वाटते, मग भीती हाताळायला शिकवणारा तास अख्ख्या वर्गाला कशाला?'

तासात काय असतं ते पटकन सांगते. भीती अंगात कुठे जाणवते ते ओळखायचं, श्वास सावकाश करायचा, मनातला विचार तपासायचा आणि ज्याची भीती वाटते त्याच्याकडे एकेक पायरी जायचं. ऑस्ट्रेलियात मानसशास्त्रज्ञ पॉला बॅरेट यांनी घडवलेला 'फ्रेंड्स' कार्यक्रम असाच आहे.

आता अख्खा वर्ग का? माझंच सांगते. सातवीत परिपाठाला सुविचार सांगायची पाळी हजेरी क्रमांकानं यायची. माझा क्रमांक आला की आदल्या रात्रीपासून पोट दुखायचं. बाई मायेनं म्हणायच्या, 'राहू दे, बस.' दुखणं तिथेच थांबायचं आणि पुढच्या पाळीला दुप्पट व्हायचं. मार्क चांगले, वागणं शांत. घाबरणारी लेकरं तेवढी निवडायची म्हटली, तर मला कोणी निवडलंच नसतं!

एका ताईंनी लिहिलं, 'मग चाचणी घेऊन निवडा नं.' अहो, ज्या चौघांना वेगळ्या खोलीत बोलावलं, त्यांची नावं डबा संपायच्या आत वर्गभर होतात. आधीच बुजलेल्या लेकराला हे कसं सोसावं?

आणि ज्याला भीती वाटत नाही, त्यानंही त्या तासाला बसायलाच हवं. सुविचार अडखळला की मागच्या बाकावरून हसणारा तोच असतो नं! तो हसला नाही, तर दुसऱ्याची पहिली पायरी केवढी सोपी होते.

एका दादांचं म्हणणं मात्र मला पटलं: शिक्षकांच्या हातात नुसतं पुस्तक देऊन काय होणार? इंग्लंडमधला 2014 चा एक मोठा अभ्यास आहे. 9-10 वर्षांच्या मुलांना 'फ्रेंड्स'चे 9 तास आरोग्य क्षेत्रातल्या, बाहेरून आलेल्या प्रशिक्षित लोकांनी घेतले, तिथे वर्षभरानं चिंता कमी दिसली. तेच शाळेतल्या लोकांनी घेतले, तिथे तसा फरक पडला नाही. म्हणून पालकसभेत 'तास आहे का' एवढ्यावर थांबू नका. कोण घेणार, त्यांना कोणी शिकवलं, हे विचारा.

आणि लेकरू शाळेतच जाईनासं झालं असेल, तर या तासाची वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा. फुकट आहे, रात्री-बेरात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं.